मुलांच्या शरीरातील शिसे: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांच्या आरोग्यावर परिणाम करणाऱ्या परिसरातील घटकांपैकी केवळ शिसे या एकाच धातूविषयी हे पान आहे. उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. एखाद्या मुलाच्या बाबतीत काय करावे, हा निर्णय बालरोगतज्ज्ञांनी त्या मुलाला तपासूनच घ्यायचा असतो.

धूर, कीटकनाशके, दूषित पाणी असे कितीतरी धोके असताना शिशाचा स्वतंत्र विचार कशासाठी?

चुलीच्या धुराने डोळे चुरचुरतात आणि दूषित पाण्याने जुलाब होतात, त्यामुळे हे धोके निदान लक्षात तरी येतात. शिशाला वास नसतो, अन्नात मिसळल्यावर ते दिसत नाही, आणि ज्या प्रमाणात ते बहुतेक मुलांच्या रक्तात आढळते त्या प्रमाणात कोणतेही ठळक लक्षण दिसत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या, म्हणजे साधारणपणे दर तीनांपैकी एका मुलाच्या रक्तात दर डेसिलीटरमागे (म्हणजे १०० मिलिलिटरमागे; पुढील सर्व आकडेही याच मापाचे आहेत) ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असावे, आणि त्यांपैकी २७ कोटींहून अधिक मुले भारतातील आहेत. हे आकडे प्रत्येक मुलाचे रक्त तपासून आलेले नसून उपलब्ध अभ्यासांवरून बांधलेले अंदाज आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे. तरीही प्रश्न किती मोठा आहे याची कल्पना त्यांवरून येते.

पेट्रोलमधील शिसे कधीच बंद झाले ना? मग आता ते येते कोठून?

भारतात २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल विकले जाऊ लागले. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद या शहरांतील पाहणीचे निष्कर्ष जाहीर झाले होते, आणि तपासलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण १० मायक्रोग्रॅमहून अधिक आढळले होते. पेट्रोल बदलल्यावर शहरी मुलांच्या रक्तातील प्रमाण उतरले, हे जगभर दिसून आले आहे. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात इतका स्पष्ट परिणाम देणारे निर्णय फारच थोडे आहेत.

मात्र शिशाचा वापर थांबलेला नाही, त्याची जागा बदलली आहे. आज जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी सुमारे ८५ टक्के शिसे वाहनांच्या व इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांत जाते. जुन्या बॅटऱ्या फोडून ते वितळवण्याचे काम जेथे उघड्यावर चालते, तेथील माती वर्षानुवर्षे दूषित राहते, कारण शिसे कुजत नाही आणि विघटितही होत नाही. याखेरीज जुने तैलरंग, भेसळीची हळद, सुरमा, शेंदूर, काही भस्मयुक्त औषधे, हलक्या प्रतीची कल्हई आणि भंगारातून ओतलेली भांडी हे स्रोत आहेत. एका घरात यांपैकी एकच असू शकतो, किंवा तीन-चार एकत्रही असू शकतात.

घरातील मोठ्यांना काही होत नाही. मग लहान मुलालाच त्रास का व्हावा?

मोठ्यांनाही त्रास होतो. रक्तदाब, मूत्रपिंडे आणि हृदय यांवर शिशाचा परिणाम होतो. मुलांच्या बाबतीत मात्र तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली म्हणजे शोषण: पोटात गेलेल्या शिशाचा जेवढा भाग प्रौढाच्या रक्तात उतरतो, त्याच्या चार ते पाच पट भाग लहान मुलाच्या रक्तात उतरतो. शरीराला शिसे आणि कॅल्शियम यांतील फरक नीट ओळखता येत नाही, आणि वाढत्या वयात कॅल्शियम ओढून घेण्याची आतड्यांची क्षमता सर्वाधिक असल्यामुळे शिसेही त्याच वाटेने आत घेतले जाते. दुसरी म्हणजे सवयी: रांगणारे मूल जमिनीवरची धूळ हाताला लावून हात तोंडात घालते, आणि म्हणूनच रक्तातील प्रमाण साधारणपणे एक ते दोन वर्षे वयाच्या सुमारास सर्वांत जास्त आढळते. ज्या मुलाला माती किंवा भिंतीचे पोपडे खाण्याची सवय आहे, त्याच्या बाबतीत हा धोका अनेक पटींनी वाढतो. तिसरी म्हणजे मेंदू. पहिल्या काही वर्षांत मेंदूतील पेशींची परस्परांशी जोडणी होत असते. शिसे नेमकी तीच प्रक्रिया बिघडवते, आणि तो काळ परत येत नाही.

कोणती लक्षणे दिसली तर शंका घ्यावी?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे की लक्षणांची वाट पाहू नये. पोटदुखी, बद्धकोष्ठता, भूक मंदावणे, चिडचिड, फिकटपणा ही लक्षणे शिशामुळे होऊ शकतात, पण ती इतर शेकडो कारणांनीही होतात. झटके येणे, गुंगी, शुद्ध हरपणे ही लक्षणे प्रमाण फार वाढल्यावरच दिसतात, आणि तेव्हा मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. २०१० साली नायजेरियाच्या झाम्फारा राज्यात सोन्याचे खनिज घरांच्या आवारात दळल्यामुळे पसरलेल्या शिशाने शेकडो बालके दगावली, ती अशा तीव्र विषबाधेने.

बहुतेक मुलांच्या वाट्याला येते ती मंद विषबाधा. तिच्यात मूल खेळते, जेवते, शाळेत जाते. फक्त त्याची आकलनशक्ती, एकाग्रता आणि स्वतःला आवरण्याची क्षमता जितकी होऊ शकली असती तितकी होत नाही. २००५ साली सात निरनिराळ्या अभ्यासांतील १,३३३ मुलांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात असे दिसले, की रक्तातील शिसे २.४ वरून १० मायक्रोग्रॅमपर्यंत वाढताना बुद्ध्यंक सरासरी ३.९ गुणांनी घटतो, तर १० वरून २० पर्यंत वाढताना आणखी १.९ गुणांनीच घटतो. म्हणजे नुकसानीचा चढ सुरुवातीलाच सर्वाधिक तीव्र आहे. ‘थोडेच आहे, चालेल’ हा दिलासा त्यामुळे टिकत नाही.

मग सुरक्षित प्रमाण किती मानावे?

सुरक्षित म्हणता येईल असे कोणतेही प्रमाण आजवर सापडलेले नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. अहवालात जी संख्या छापलेली असते ती कृती केव्हा करायची याची खूण असते. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने ही खूण १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ किंवा त्याहून अधिक प्रमाण आढळल्यास स्रोत शोधून तो दूर करावा. प्रयोगशाळेच्या अहवालात जुनीच मर्यादा छापलेली असेल आणि तिच्या आधारे ‘सामान्य’ असा शेरा असेल, तर मूळ आकडा पाहावा.

हळदीत शिसे कसे काय असू शकते?

हळदीच्या पिकात ते मुळात नसते. ते घातले जाते. लेड क्रोमेट नावाचे भडक पिवळे रंगद्रव्य असते, आणि त्याचा हात फिरवला की निस्तेज, किडलेले किंवा भिजून काळवंडलेले हळकुंडही झळझळीत दिसू लागते. बांगलादेशात या प्रकाराचा अत्यंत बारकाईने माग काढला गेला. तेथील ग्रामीण भागातील गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे का आढळते, याचा शोध घेणाऱ्या संशोधकांनी शिशाच्या समस्थानिकांची, म्हणजे एकाच धातूच्या निरनिराळ्या वजनांच्या अणूंची, तुलना करून २०१९ मध्ये दाखवून दिले, की ते हळदीतून येत होते. त्यानंतर तेथील अन्नसुरक्षा यंत्रणेने घाऊक बाजारात छापे घातले, दोषी व्यापाऱ्यांना दंड केला, हातात धरता येणारी तपासणी यंत्रे वापरली आणि लोकांना उघडपणे सावध केले. २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते, ते २०२१ मध्ये शून्यावर आले. दोन वर्षांत! शिशाच्या प्रश्नावर काही करता येत नाही असे म्हणणाऱ्यांसमोर हे एकच उदाहरण ठेवावे.

भारतात हळदीत लेड क्रोमेट घालण्यास कायद्याने मनाई असून हळदीतील शिशाची कमाल मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम आहे. तरीही दक्षिण आशियातील २३ शहरांतील नमुन्यांवर आधारलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाटण्यासह काही शहरांत या मर्यादेच्या कितीतरी पट शिसे आढळले, आणि सुटी, पॉलिश केलेली हळकुंडे त्यात पुढे होती. येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. सांगली, वसमत यांसारख्या बाजारपेठांत हळकुंडे पिंपात फिरवून त्यांची साल घासली जाते, त्यालाही पॉलिशच म्हणतात. ती नेहमीची प्रक्रिया आहे, भेसळ नाही. भेसळ होते ती त्या टप्प्यावर रंग मिसळल्यास.

पाण्यात टाकून किंवा तळहातावर चोळून हळद ओळखण्याच्या घरगुती युक्त्यांवर विसंबू नये, कारण शिशाची खात्री प्रयोगशाळेतच होते. अनैसर्गिक भडक रंगाची सुटी पूड टाळावी, वेष्टनावर परवाना क्रमांक असलेली हळद घ्यावी, किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून न रंगवलेली हळकुंडे घेऊन ती दळून आणावीत.

काजळ, सुरमा आणि शेंदूर यांत काही फरक आहे का?

फरक मोठा आहे. पारंपरिक सुरमा हा अनेकदा गॅलेना नावाच्या खनिजाची, म्हणजेच शिशाच्या सल्फाइडची पूड असतो. तो डोळ्यांतून आणि मुख्यतः डोळे चोळलेल्या बोटांवरून तोंडात जातो. तुपाच्या किंवा एरंडेलाच्या ज्योतीवर धरलेल्या घरगुती काजळात मूलतः काजळीच असते, त्यामुळे शिशाचा आरोप त्यावर सरसकट करता येणार नाही. जंतुसंसर्गाच्या भीतीने बालरोगतज्ज्ञ तेही डोळ्यांत घालू नये असे सांगतात, हा भाग वेगळा. बाजारातील काजळाच्या डबीत काय आहे, हे मात्र वेष्टन वाचल्याशिवाय कळत नाही.

शेंदराविषयी फारसे बोलले जात नाही. मारुतीला किंवा गणपतीला तेलात कालवून चढवला जाणारा पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच तांबडा ऑक्साइड आहे. देवळातून आल्यावर तोच बाळाच्या कपाळी लावण्याची पद्धत अनेक घरांत आहे. श्रद्धेला धक्का न लावता एवढे सहज करता येईल, की मुलाला शेंदराऐवजी अंगारा किंवा घरचे चंदन लावावे, आणि देवाला शेंदूर चढवणाऱ्याने हात साबणाने धुतल्याशिवाय मुलाला घेऊ नये. भांगात भरायच्या सिंदुरातही काही ठिकाणी शिसे आढळलेले आहे.

बाळगुटी द्यावी की नाही?

गुटीत सहाणेवर उगाळले जाणारे वेखंड, सुंठ, जायफळ, मुरुडशेंग हे वनस्पतीजन्य पदार्थ असून ते शिशाचे स्रोत नाहीत. त्यातील हळकुंड रंगवलेले नाही ना, एवढे पाहावे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, हा वैद्यकीय सल्ला मात्र गुटीलाही लागू आहे.

भस्मांची गोष्ट निराळी आहे. नागभस्म हे शिशापासूनच तयार केले जाते, आणि काही गुग्गुळ कल्पांतही ते असते. बोस्टन परिसरातील दुकानांत विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. शुद्धीकरणाने धातू निर्विष होतो, हा दावा मुलांच्या रक्ताच्या चाचण्यांनी सिद्ध झालेला नाही. म्हणून लहान मुलाला आणि गरोदर स्त्रीला धातुयुक्त औषध देऊ नये. ज्या पुडीवर घटकांची नावेच नाहीत ती पुडी कोणीही दिलेली असो, नाकारावी.

पितळेच्या भांड्यांना कल्हई करून घेतो. ती धोक्याची आहे का?

शुद्ध कथलाची कल्हई धोक्याची नाही. उलट पितळेतील तांबे अन्नात उतरू नये म्हणून ती आवश्यकच आहे. अडचण येते ती कथील महाग असल्याने त्यात शिसे मिसळल्यास. अशा भांड्यात चिंच-गुळाची आमटी, कढी किंवा टोमॅटोचे सार उकळले, की आंबटपणामुळे शिसे पदार्थात उतरते. कल्हई करणाऱ्याला कथलाची कांडी दाखवण्यास सांगावे, आणि खात्री नसल्यास आंबट पदार्थ स्टीलच्या भांड्यात करावेत. भंगारातील ॲल्युमिनियम वितळवून ओतलेली, शिक्का नसलेली कढई किंवा पातेले घेऊ नये, कारण भंगारात काय वितळले हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

दिवाळीपूर्वी घर रंगवायचे आहे. कोणती काळजी घ्यावी?

घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाची मर्यादा भारतात दशलक्ष भागांत ९० भाग इतकी असून हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. औद्योगिक वापराचे रंग त्यातून वगळलेले आहेत, आणि घराचे ग्रिल, फाटक, जुनी लोखंडी कॉट यांना नेमका तोच रंग दिला जाण्याची शक्यता असते. त्यामुळे डब्यावरील मजकूर वाचावा.

नव्या रंगापेक्षा मोठा धोका जुना रंग खरवडताना असतो. पॉलिशपेपरने कोरडे घासले की शिसेयुक्त भुकटी सर्व घरात बसते आणि पुढे अनेक महिने मुलाच्या हाताला लागत राहते. १९०४ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरांनी घरांच्या व्हरांड्यांच्या कठड्यांवरील रंग हे मुलांच्या विषबाधेचे कारण असल्याचे सांगितले होते. म्हणजे ही माहिती शतकभराहून जुनी आहे. दारे-खिडक्या ओल्या करून घासाव्यात, खाली प्लॅस्टिक अंथरावे, काम संपेपर्यंत मुले व गरोदर स्त्री यांना दुसऱ्या ठिकाणी ठेवावे, आणि शेवटी झाडू न मारता ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून घ्यावे.

खेळण्यांसाठी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. त्यांच्याकडून रंगीत लाकडी खेळणी घेताना रंग कोणता वापरला, हे विचारण्यात गैर काही नाही. गणेशमूर्तींच्या बाबतीतही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या सुधारित सूचनांत विषारी रंग टाळण्यास सांगितले आहे. मूर्तीच्या रंगकामाची जागा आणि मुलांची खेळण्याची जागा एकच असू नये.

वडील बॅटरीच्या दुकानात काम करतात. घरी मुलाला धोका आहे का?

आहे, आणि तो कपड्यांवरून येतो. बॅटरी दुरुस्ती, भंगार, झाळकाम, छपाईचे जुने खिळे, रंगकाम या व्यवसायांतील धूळ केसांत, चपलांत व कपड्यांत घरी पोहोचते. मासेमारीच्या जाळ्यांना लावायचे शिशाचे मणी घरात ओतले जात असतील, तर त्याचा धूर थेट घरातच राहतो. कामावरच कपडे बदलणे, हातपाय धुऊन मग मुलाला घेणे आणि कामाचे कपडे वेगळे धुणे यांनी बराच फरक पडतो. पण सारा भार कामगाराच्या बायकोच्या धुण्यावर टाकून मालकाने मोकळे होणे न्याय्य नाही. कामाच्या ठिकाणी धुण्याची सोय, धूर ओढणारी यंत्रणा आणि कामगारांच्या रक्ताची नियमित तपासणी ही त्याची जबाबदारी आहे. जुनी बॅटरी विकताना ती अधिकृत विक्रेत्याकडेच परत करावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती गोळा करण्याचे दायित्व उत्पादकांवर टाकले आहे.

पाणी उकळल्याने शिसे जाते का?

जात नाही, पाणी आटल्याने प्रमाण किंचित वाढतेच. तुरटीवरही विसंबू नये. आरओ यंत्रणेने ते बऱ्याच अंशी निघते. रात्रभर नळात साचलेले पाणी सकाळी थोडे वाहू देऊन ते भांडी-धुण्यासाठी वापरावे.

तपासणी कशी करावी?

शिरेतून काढलेल्या रक्ताची शिशासाठीची चाचणी मोठ्या शहरांतील खासगी प्रयोगशाळांमार्फत होऊ शकते. बोटातून घेतलेल्या थेंबात त्वचेवरील धूळ मिसळून आकडा चुकीने वाढू शकतो, म्हणून तो जास्त आल्यास शिरेतील रक्ताने खात्री करावी. केसांच्या चाचण्यांवर पैसे घालवू नयेत. वर सांगितलेला एखादा स्रोत घरात असल्यास, मूल माती खात असल्यास, किंवा लोह देऊनही रक्तक्षय हटत नसल्यास ही चाचणी डॉक्टरांकडे स्वतःहून मागावी.

उपचार आहेत का? शिसे ‘उतरवणारा’ आहार कोणता?

पहिला आणि मुख्य उपचार म्हणजे स्रोत दूर करणे. रक्तातील शिशाचे प्रमाण त्यानंतर साधारण महिन्याभरात निम्म्यावर येऊ लागते, परंतु हाडांत साठलेले शिसे अनेक वर्षे हळूहळू रक्तात उतरत राहते. शिसे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे साधारणपणे ४५ मायक्रोग्रॅम व त्यापुढील प्रमाणासाठी आहेत. ती रुग्णालयाच्या देखरेखीखालीच द्यायची असतात, आणि स्रोत कायम असताना दिल्यास उपयोग होत नाही.

शिसे उतरवणारा कोणताही काढा नाही. आहाराने मात्र शोषण कमी करता येते, आणि यात सर्वांत महत्त्वाचे आहे लोह. लोह कमी असलेल्या मुलाचे आतडे शिसे अधिक ओढून घेते. शिवाय शिसे स्वतःच हिमोग्लोबिन तयार होण्यात अडथळा आणते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला होता. या मुलांना शिशाचा फटका दुहेरी बसतो, आणि म्हणून अंगणवाडीतील लोहाचे औषध चुकवू नये. नाचणी, दूध, पालेभाज्या, कडधान्यांच्या उसळी, वर लिंबू किंवा आवळा असा साधा आहार, आणि मूल फार वेळ उपाशी न राहणे, एवढे पुरेसे आहे.

गरोदरपणात आणि अंगावर पाजताना काय?

शिसे वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. गरोदरपणात कॅल्शियम कमी पडले की आईच्या हाडांतील साठा मोकळा होतो आणि त्याबरोबर तिच्या लहानपणी साठलेले शिसेही. कॅल्शियमच्या गोळ्या म्हणूनच नियमित घ्याव्यात. स्तनपान केवळ शंकेपोटी थांबवू नये. दुधात उतरणारे प्रमाण सहसा अल्प असते आणि फार वाढलेल्या प्रमाणातच डॉक्टर वेगळा सल्ला देतात.

आम्ही अमेरिकेत राहतो. येथे मुलाच्या पहिल्या वर्षाच्या तपासणीत शिसे निघाले, घर तर नवीन आहे.

असे मराठी कुटुंबांतही घडू शकते. आरोग्य कर्मचारी आधी घराच्या रंगाविषयी विचारतात. भारतातून आणलेली हळद, मसाले, सिंदूर, सुरमा, औषधे, पितळेची व ॲल्युमिनियमची भांडी यांची यादी आपणहून द्यावी. तेथील अनेक स्थानिक आरोग्य विभाग या वस्तू तपासण्याची व्यवस्था करतात. आजीने प्रेमाने पाठवलेल्या वस्तूविषयी बोलताना संकोच वाटतो, पण लपवल्यास तपास रंगापाशीच अडकून राहतो.

तक्रार कोठे करावी?

हळद किंवा इतर अन्नपदार्थांविषयी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, उघड्यावर बॅटऱ्या वितळवणाऱ्या भट्टीविषयी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे, आणि आयएसआय चिन्हाशिवाय विकल्या जाणाऱ्या खेळण्यांविषयी भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तक्रार करता येते. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, वस्तूची पावती व उरलेला नमुना जपून ठेवावा. भट्टीच्या बाबतीत ग्रामपंचायतीचा ठराव जोडल्यास कार्यालयाला टाळाटाळ करणे कठीण जाते. भट्टी बंद झाली, तरी तेथील वरची माती काढून किंवा झाकून घेतल्याशिवाय ती जागा मुलांना खेळायला देऊ नये, ही मागणी त्याच अर्जात लिहावी.